खडी, नोंद ७ : वरच्या ओळींनी काढलेला घाम

चित्रातला खालचा गोंधळ झकास जमला, वरची शिस्त काही जमेना! मागच्या नोंदीनंतर ११ कागद रद्दीत गेले. परवा रात्री एकदाचा चोर सापडला, म्हणून घाईघाईत हे लिहितेय.

नवीन मंडळींसाठी एवढंच, की जर्मन संगणक-कलाकार गेऑर्ग नेस यांचं १९६८ चं 'शोटर' हे चित्र मी पेन प्लॉटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने खरं पेन फिरवणाऱ्या यंत्रावर, पुन्हा काढतेय. शोटर म्हणजे खडी. १२ रकाने, २२ ओळी, २६४ चौरस. वर सगळे कवायतीला उभे, खाली येता येता रँडम आकड्यांनी कलतात, सरकतात आणि शेवटी पार विस्कटतात. कोड एका संध्याकाळी झाला होता. त्यात काही अवघड नाहीच.

अवघड आहे ती पहिली ओळ. तिथे शेजारच्या दोन चौरसांची कड एकच, पण ती दोनदा काढली जाते. माझ्याकडे त्या दोन रेघा एकमेकींवर बसतच नव्हत्या. मध्ये केसाएवढी पांढरी फट. आडव्या कडा मात्र बरोब्बर. आधी पेनवर संशय घेतला, मग कागदावर. पेनहोल्डर बदलला. पेन ओढणारा, 'हाय टेन्शन' म्हणून विकलेला बेल्ट मागवला, तो जुन्यापेक्षा लेचापेचा निघाला. त्या दुकानाचं नाव घेत नाही, पण पुन्हा तिथून साधा स्क्रूही घेणार नाही.

मग भिंग लावून एकच चौरस मोजला. उंची १० मिमी, रुंदी त्याहून कमी. म्हणजे घोळ फक्त एक्स अक्षात, डावी-उजवीकडच्या हालचालीत. ट्यूब पेटली ती इथे. माझे सगळे चौरस घड्याळाच्या दिशेने निघतात. डाव्या चौरसाच्या उजव्या कडेशी पेन डावीकडून पोचतं आणि उजव्या चौरसाच्या डाव्या कडेशी उजवीकडून. यंत्रात ढिलाई असेल, तर पेन दोन्ही वेळा थोडं अलीकडेच थांबणार. खालच्या ओळींतही कोपरे नीट मिटत नव्हते, पण ते मी इतके दिवस बिनदिक्कत रँडमच्या खात्यावर टाकत होते!

पहिला उपाय फसला. प्रत्येक कड सुटी काढायची, पेन दर वेळी डावीकडूनच आणायचं. फट गेली, पण १०५६ वेळा पेन टेकलं आणि प्रत्येक टेकण्याला शाईचा टिपका. ०.३५ मिमीचं टेक्निकल पेन रेघेला राजा आहे, पण टेकताना क्षणभर रेंगाळलं की संपलं. जेल पेन टिपका कमी देतं, पण त्याची रेघ मला पोचट वाटते.

शेवटी मोटरच्या शाफ्टवर आणि त्यावरच्या, बेल्ट फिरवणाऱ्या पुलीवर मार्करने खूण केली. दिशा बदलली की शाफ्ट आधी फिरतो, पुली किंचित मागून येते. पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारा बारकासा ग्रब स्क्रू सैल! तो शाफ्टच्या सपाट बाजूवर नीट बसवून आवळला. काम दोन मिनिटांचं. बाराव्या कागदावर वरच्या तीन ओळींत शेजारच्या दोन कडांची मिळून एकच काळीभोर रेघ आली. चहा गार होईपर्यंत बघत बसले.

आता पुढचा बेत रिलीफचा, म्हणजे उठावाच्या कामाचा होता. नेस यांनीही संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रातून शिल्पं काढली होती, ती १९७० च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात दिसली. पण हे लिहिता लिहिता त्या ११ कागदांकडे बघतेय आणि ती फट आता आवडायला लागलीय. रँडम पूर्ण काढून टाकलं आणि नुसती ढिलाई ओळीगणिक वाढवत नेली तर? पहिल्या ओळीत शून्य, बाविसाव्या ओळीत ३ मिमी. चौरस कललेला नको, सरकलेला नको, फक्त पेन जाताना एका जागी थांबायचं आणि येताना दुसऱ्या. स्क्रू आवळलेलाच ठेवायचा, ढिलाई कोडमधून द्यायची.

रिलीफ थांबेल. निब धुवायला टाकलंय, वाळलं की पहिल्या चार ओळी काढून बघते.