धावताना की थांबल्यावर?

८०० मीटरची शर्यत संपली, मी रेषेपलीकडे तशीच उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसले, दोन मिनिटांत सावरले. नंतर काढलेल्या ईसीजीत नाडी ४४ आणि वर यंत्राने छापलेला शब्द: असामान्य. मी १७ वर्षांची होते. आईचा चेहरा अजून आठवतो.

हृदयरोगतज्ज्ञांनी पहिलंच विचारलं, "चक्कर धावताना आली की थांबल्यावर?" त्याने काय फरक पडतो, मला कळेना. फरक फार मोठा आहे. ऐन धावताना शुद्ध हरपणं ही धोक्याची खूण. एकदम थांबलं, तर पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचे थांबतात, ते पायांत साचतं आणि रक्तदाब घसरतो. माझं तसंच झालं होतं. तरी डॉक्टरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, हे आईला दोनदा विचारलं. मग इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिलवर धावतानाचा ईसीजी आणि २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून दिवसरात्र ठोके नोंदवणारं छोटं यंत्र.

होल्टरचा अहवाल वाचून मी रडले. झोपेत नाडी ३६ पर्यंत उतरली होती आणि मधूनमधून एखादा ठोका गळत होता. डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवून दाखवलं: वरच्या कप्प्याचा इशारा खाली पोहोचायला दरवेळी थोडा जास्त वेळ लागतो, मग एक ठोका चुकतो आणि मोजणी पुन्हा सुरू. वर्षानुवर्षं सराव केलेल्यांमध्ये विश्रांतीत हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो, त्यातून हे घडतं. ट्रेडमिलवर वेग वाढताच सगळे ठोके शिस्तीत आले, म्हणून ते निश्चिंत झाले. इकोही स्वच्छ होता.

निकाल लागेपर्यंतचे तीन आठवडे स्पर्धा बंद. ते दिवस मला शर्यतीहून जड गेले.

तेव्हापासून उठल्याउठल्या, अंथरुणातच नाडी मोजते. एरवी ४६ च्या आसपास असते. लागोपाठ फेऱ्या धावल्या की दोन-तीन दिवस ५४-५५, म्हणजे शरीर अजून सावरलेलं नाही. तेवढे दिवस सर वेगाचा सराव देत नाहीत; आधी मी यावरून भांडायचे. ताप असेल तर मैदानात पाऊलही नाही, कारण विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर जोराच्या व्यायामात ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते.

शर्यत संपली की आता मी चालत राहते. त्या ईसीजीची प्रत बॅगेत असते. नव्या ठिकाणी तपासणी झाली की आधी तीच पुढे करते.