माझी टिटवी बोलत का नाही

‘तुमच्या गोष्टींतले प्राणी बोलत का नाहीत हो?’ हे मला संपादक विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, शाळेत गोष्ट वाचायला गेले की तिसरी-चौथीतलं एखादं पोर तर हमखास विचारतं. पुन्हा विचारलंत, म्हणून लिहूनच टाकते.

मी दिवसा सांगलीत एका टॅक्सवाल्यांकडे हिशेब बघते आणि रात्री मुलांसाठी गोष्टी लिहिते. नावावर पुस्तक नाही. थोड्या गोष्टी दिवाळी अंकांत आल्या, मानधन म्हणून बहुतेकदा तोच अंक घरी आला. बाकीच्या साभार परत. (हल्ली तेवढंही कळवत नाहीत, आपणच समजून घ्यायचं.)

बोलक्या प्राण्यांशी माझं काही वाकडं नाही. पंचतंत्रातल्या टिटवा-टिटवीची अंडी समुद्र पळवतो, पक्षी गरुडाकडे गाऱ्हाणं नेतात, गरुड विष्णूकडे, आणि शेवटी समुद्र निमूट अंडी परत करतो. काय झकास गोष्ट आहे! ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात माउलीसुद्धा स्वतःला चोचीनं समुद्र मोजणाऱ्या टिटवीची उपमा देतात. पण विष्णुशर्म्याला तीन राजपुत्रांना राजनीती शिकवायची होती. त्याचे बैल, कोल्हे नि टिटव्या दरबारातलीच माणसं आहेत, ती बोलणारच. मला टिटवीची गोष्ट सांगायची असते, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं एवढं आहे की तिला संवाद दिले तर पोरं तेच वाचतील, ती काय करते ते राहून जाईल.

आमच्या ऑफिसमागे एका बांधकामाची खडी पडली होती. मार्चएंडच्या धांदलीत मी खिडकीशी डबा खात होते, तेव्हा दिसली. टिटवी काड्या-बिड्या आणत नाही, खडीतच जरा खोलगट जागा करते. चार अंडी, निमुळती टोकं आत वळलेली, मातकट रंगावर काळे ठिपके. नजर हलली की पुन्हा सापडायची नाहीत. दुपारी खडी तव्यासारखी तापली की ती उठायची, स्लॅबच्या क्युरिंगचं पाणी साचलं होतं तिथं जाऊन बसायची, पोटाची पिसं चिंब करायची आणि तशीच तुरुतुरु येऊन अंड्यांवर बसायची. मग जोडीदाराची पाळी. दोघंही उबवतात, पण आमच्याकडच्या उन्हात उबवणं म्हणजे निम्मा वेळ अंडी गार ठेवणं.

ही गोष्ट मी लिहिली. वॉचमनची मुलगी ती जागा ओळखते आणि खडी उचलायला आलेल्या ट्रॅक्टरपुढे उभी राहते. मुलगी बोलते, ट्रॅक्टरवाला तर भरपूर बोलतो. टिटवी फक्त ओरडते. एका संपादकांनी प्रेमानं सुचवलं, ‘टिटवीच्या तोंडी दोन वाक्यं घाला, शेवटी छोटासा बोध द्या, लगेच घेतो.’ बसले घालायला. ‘बाळांनो, ऊन लागतंय का?’ असं ती म्हणाली आणि त्या क्षणी नऊवारी नेसलेली कुणीतरी आई झाली. भिजलेल्या पोटाचं काही कामच उरेना. वाक्यं काढली, गोष्टही परत आली.

न बोलणारा प्राणी लिहायला अवघड जातो, हे मान्य. सगळं हालचालीतून यावं लागतं. कुत्रं आलं की टिटवीचा आवाज बदलतो, तो ऐकून पिल्लं जिथल्या तिथं जमिनीला चिकटतात, ती गप्प होईपर्यंत हलत नाहीत. एवढंच नीट उतरवायला माझी एक अख्खी रात्र जाते. पण शाळेत हेच वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘ओल्या पोटानं अंड्यांना सर्दी नाही होणार?’ मग वर्गात जी भांडणं लागली! बोलकी टिटवी असती तर तिनंच उत्तर दिलं असतं आणि पोरं गप्प बसली असती.

सध्या गव्हाणी घुबडावर लिहितेय. ते उंदीर अख्खा गिळतं आणि नंतर हाडं-केसांची गोळी तोंडातून बाहेर टाकतं. गोष्टीतला मुलगा तसल्या गोळ्या जमवतो, काडीनं उकलून कवट्या मोजतो. घरच्यांनी ऐकूनच ‘शी!’ केलं, भाचीनं मात्र दोनदा वाचायला लावलं. आता दिवाळी अंकाला पाठवायचंय. निदान लक्ष्मीचं वाहन म्हणून तरी घेतील, असा माझा हिशेब आहे.