गोलरक्षकाचे बक्षीस

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात मंडळाचे वार्षिक स्नेहसंमेलन भातकापणी आटोपली की होत असे. सकाळी मोकळ्या झालेल्या शेतात फुटबॉलचे सामने, संध्याकाळी देवळासमोरच्या मांडवात बक्षीस वितरण आणि रात्री नाटक, असा ठरलेला बेत असे. पाहुण्यांची भाषणे दरवर्षी साधारण सारखीच असत. मनात राहिले ते आमचे शारीरिक शिक्षणाचे सर, जे ध्वनिक्षेपक हाती येताच न चुकता ब्रह्मानंद शंखवाळकरांचा विषय काढत.

ताळगावात जन्मलेले शंखवाळकर साळगावकर संघाचे गोलरक्षक म्हणून दीर्घकाळ खेळले आणि भारताचे कर्णधारही झाले. राज्यांच्या संघांमध्ये खेळला जाणारा फुटबॉलचा संतोष चषक गोव्याने पहिल्यांदा मिळवला तो १९८२-८३ च्या स्पर्धेत, बंगालबरोबर विभागून. कारण कोलकात्यातील अंतिम सामना आणि फेरलढत या दोन्हींत कोणालाच गोल करता आला नव्हता. पुढच्याच वर्षी मद्रासला गोव्याने पंजाबला १-० असे हरवले आणि संपूर्ण स्पर्धेत एकही गोल स्वीकारला नाही. हे आकडे सरांना देवाच्या आरतीसारखे पाठ होते. मात्र झेप घेऊन चेंडू अडवण्याची वर्णने ते फारशी करत नसत. चांगला गोलरक्षक आधीच अशा जागी उभा राहतो की झेप घेण्याची वेळच कमी येते, आणि बचावफळीला वेळेवर हाक देणे हे त्याचे अर्धे काम असते, हे त्यांचे सांगणे असे. म्हणूनच उत्कृष्ट गोलरक्षकाचे बक्षीस घेणाऱ्या मुलाने मंचावरून आपल्या बचावपटूंची नावे घ्यावीत, असा दंडक त्यांनी घातला होता. काही मुले राखीव खेळाडूंसकट सगळा संघ म्हणून दाखवत आणि नाटकाला उशीर होई.

पुढे मी ओपा येथील पाणीपुरवठा प्रकल्पात नोकरीला लागलो, तेव्हा या बोलण्याचा खरा उपयोग झाला. नळाला पाणी आले तर त्याची कोणी दखल घेत नाही. आले नाही तर मात्र सारा गाव विचारायला येतो. रात्रपाळीत पंपाचा आवाज किंचित बदलला की तो बंद पडण्याची वाट न पाहता तपासायचा, दुरुस्ती झाल्यावर नोंदवहीत मदतनिसाचेही नाव लिहायचे, या सवयी मला कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा त्या मांडवात लागल्या, असे मी मानतो.

शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये, मैदान सोडल्यानंतर, आणि पद्मश्री त्याहून कितीतरी उशिरा, २०२२ मध्ये. सर याचा दाखला देऊन सांगत की मान आपोआप चालत येतो, मागायचा नसतो. हे मात्र मला कधीच पटले नाही. एवढ्या मोठ्या खेळाडूला इतकी वाट पाहावी लागली, हा त्याच्या नम्रतेचा गौरव नसून देणाऱ्यांची दिरंगाई आहे. आणि सामान्य नोकरदाराने तर हक्काच्या बढतीसाठी अर्ज करायलाच हवा. एका संमेलनात मी हे मंचावरून बोललो तेव्हा निवृत्त मंडळींनी जोरात टाळ्या वाजवल्या. सर पुढच्या रांगेत बसले होते. ते हसून म्हणाले, "तुला मी उगाच गोलात उभा केला, तू आघाडीलाच खेळायला हवा होतास."