तिसरी क्लच केबल

प्रभादेवीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची २००९ सालची मारुती ८०० गेल्या जुलैमध्ये क्लच केबलसाठी, म्हणजे क्लचचे पेडल गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या तारेसाठी, माझ्या लालबागच्या गॅरेजमध्ये आली, ती तेरा महिन्यांतली तिसरी खेप होती. चांगली केबल काही वर्षे सहज चालते. तेरा महिन्यांत तीन केबल गेल्याचे मी बावीस वर्षांत पाहिले नव्हते, आणि आधीच्या दोन खेपांना मी जी कारणे सांगितली होती, ती दोन्ही त्या दिवशी खोटी ठरली.

पहिल्या वेळी, आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, पेडल दगडासारखे जड होऊन लिव्हरकडच्या टोकाला तारेचे पीळ तुटले होते. गाडी चालवणारे ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांनी पहाटे साडेपाचला रस्ता मोकळा असताना ती दादर टीटीपासून आंबेडकर रोडने क्लचशिवाय माझ्यापर्यंत आणली. दोन माणसांकडून गाडी ढकलून घ्यायची, ती चालती झाली की इंजिनच्या आवाजाचा अंदाज घेत गिअर सरकवायचा आणि गिअरचे दात अजिबात वाजू द्यायचे नाहीत, हे जाणत्या हाताचे काम आहे. त्या वेळी मी दोष नकली केबलला दिला. या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले असून बाजारात नकली सुटे भाग भरपूर मिळतात, त्यामुळे तो अंदाज अगदीच निराधार नव्हता. मी अस्सल केबल शोधून बसवली.

ती आठ महिन्यांत, फेब्रुवारीत गेली. मालकांनी कारण विचारले आणि मी बोलून गेलो, “हाफ क्लचवर चालवायची सवय असेल.” वास्तविक हाफ क्लचने, म्हणजे पेडल अर्धवट दाबून गाडी चालवल्याने, क्लचची प्लेट घासते, प्रेशर प्लेट तापते, रिलीज बेअरिंग आवाज करू लागते, अस्सल केबल त्याने आठ महिन्यांत संपत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. त्या गाडीची प्लेट तर चढावरही व्यवस्थित धरत होती. पण गिऱ्हाइकाला कारण तिथल्या तिथे हवे असते आणि ‘अजून कळले नाही’ असे म्हणणे आम्हा मिस्त्री लोकांना कमीपणाचे वाटते. मामा बाजूलाच उभे होते. ते एवढेच म्हणाले, “मिस्त्री, सकाळी सेल्फ मारला की पायाशी जळका वास येतो, तेवढं बघा ना.” मी मॅट उचलली, तिथे काही दिसले नाही, म्हणून मी विषय सोडून दिला. नऊ वर्षे त्या घरची गाडी चालवणाऱ्या मामांना मालकांनी त्याच महिन्यात कामावरून कमी केले.

त्यानंतर गाडी फक्त मालक चालवत होते, तीही रविवारपुरती. तरीही पाच महिन्यांत केबल गेली.

या वेळी मी नवीन केबल मागवण्याआधी जुनी काढली आणि हॅक्सॉ ब्लेडने तिचे आउटर, म्हणजे बाहेरचे आवरण, लांबीभर उभे चिरले. वापराने जीर्ण झालेल्या केबलची तार टोकाला, जिथे ती वाकते तिथे, झिजते. आतले प्लास्टिकचे अस्तर बाकी बहुतेक शाबूत असते. या केबलचे अस्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत वितळून तपकिरी झाले होते आणि तार त्यात रुतून बसली होती. पकडीने खेचूनही ती सुटेना. दोन-तीन ठिकाणी तारेवर निळसर झाक होती, जी पोलाद खूप तापल्यावरच येते. ते तुकडे नाकाजवळ नेले आणि मामांचे वाक्य मला शब्दशः आठवले.

तार जळते म्हणजे तिच्यातून करंट जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणून बॉडीशी त्यांचा विजेचा संबंध अर्थिंगच्या जाड वायरने जोडावा लागतो. या गाडीत बॅटरीची मायनस वायर बॉडीला होती आणि तिथून दुसरी वायर गिअरबॉक्सला गेली होती. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे गिअरबॉक्सच्या घासून साफ केलेल्या बोल्टला लावून मी पोराला सेल्फ मारायला सांगितले. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा होता, तो साडेतीनजवळ गेला. मग जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट गिअरबॉक्सला जोडली, आणि जो सेल्फ इतके दिवस रडत फिरत होता, तो एकदम सणसणीत फिरला.

अर्थिंगची वायर बाहेरून निर्दोष दिसत होती. काळे आवरण अखंड होते, बोल्टही घट्ट होता. आवरण कापले तेव्हा आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी निघाली आणि चार-सहा तंतू तेवढे शिल्लक होते. समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा अशी आतून खाते. वाट बंद झाल्यावर सेल्फचा शंभरेक अँपिअरचा करंट परतीसाठी मिळेल त्या धातूवरून जाऊ लागला, आणि पेडलपासून गिअरबॉक्सच्या लिव्हरपर्यंत पोचणारी क्लच केबल त्याला आयतीच मिळाली. दर वेळी सेल्फ मारला की ती काही क्षण भाजत होती. मीटर लावायला पाच मिनिटे लागतात. ती फेब्रुवारीत मी दिली नव्हती.

नवीन जाड वायर दोन्ही टोकांना लग, म्हणजे बोल्टला जोडायची धातूची टोके, दाबून बसवली, पत्र्यावरचा रंग खरवडून जोड पक्का केला. मगच केबल घातली. तिला कुठे तीव्र वाक राहू दिला नाही, पेडलच्या हुकाला ग्रीस लावले आणि नट फिरवून पेडलला दीड ते दोन सेंटिमीटर खेळ, म्हणजे सैल हालचाल, ठेवला. खेळच नसेल तर बेअरिंग सतत टेकून राहते आणि प्लेट घसरते. जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. रिव्हर्स आवाज न करता पडला.

बिलावर मी स्वतःच्या अक्षरात लिहिले की, तिन्ही केबल अर्थिंगच्या दोषामुळे जळाल्या, चालवणाऱ्याची चूक नव्हती आणि फेब्रुवारीत मी सांगितलेले कारण चुकीचे होते. मालकांनी ते दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि काही न बोलता पैसे दिले. त्यांनी मामांना फोन केला की नाही, हे मी विचारलेले नाही.

मी मात्र त्या संध्याकाळी केला. मामा आता भिवंडीच्या एका गोदामाचा टेम्पो रात्रपाळीत चालवतात. मी सगळे सांगितले, माफीही मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, “आता सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते का?”

होते, म्हटले.