रात्री नऊनंतर फोडणी बंद

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक कागद लावलाय. लॅमिनेट केलेला, म्हणजे कायमचा. त्यावर लिहिलंय, रात्री नऊनंतर धूर होईल किंवा उग्र वास येईल असा स्वयंपाक करू नये. खाली भाड्याच्या एजन्सीचं नाव. घरात पाच खोल्या, पाच भाडेकरू, स्वयंपाकघर एकच. कागदावर कुणाचंही नाव नाही, पण रात्री नऊनंतर मोहरी तडतडवणारी बाई या घरात एकच आहे. या कागदामुळेच मी स्लो कुकरवर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, अख्खा मसूर करायला लागले, त्याची ही गोष्ट.

झालं असं की इथे इंग्लंडमध्ये अशा सामायिक घरांत आगीचे अलार्म एकमेकांना जोडलेले असतात. एक ओरडला की सगळे ओरडतात. स्वयंपाकघरातला अलार्म उष्णतेवर चालतो, तो बिचारा फोडणीला काही म्हणत नाही. पॅसेजमधला मात्र धुरावर चालतो. स्वयंपाकघराचं दार बंद असेल तर त्याला काही कळत नाही. ज्या रात्री सगळे अलार्म ओरडले, त्या रात्री दार कुणी उघडं टाकलं होतं यावर मी इथे काही बोलणार नाही. एवढंच सांगते, की मी दार लावून फोडणी करते आणि वरच्या खोलीतला विद्यार्थी दूध घ्यायला आला की त्याला दार लावायची सवय नाही. पाचही माणसं जानेवारीच्या थंडीत फुटपाथवर. एक जण टॉवेलवर. दोन दिवसांनी हा कागद.

मी इथे स्विंडनमध्ये नर्स आहे. आमची ड्यूटी साडेबारा तासांची असते, त्याला इथे ‘लाँग डे’ म्हणतात. सकाळी साडेसातला सुरू, रात्री आठला संपते. मग हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं, मग बस. घरी पोचते तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. म्हणजे नियम सगळ्यांसाठी आणि लागू होतो एकटीला. रविवारी सकाळी याच स्वयंपाकघरात बेकन तळतात, त्याचा वास माझ्या वाळत घातलेल्या युनिफॉर्मला संध्याकाळपर्यंत असतो. त्याबद्दल कागद नाही. कारण ते नऊनंतर नाही, सकाळी नऊ वाजता असतं! मुद्दा वेळेचा आहे, वासाचा नाही, असं एजन्सीच्या मुलीनं मला फोनवर फार गोड आवाजात समजावलं.

रागाच्या भरात मी इंटरनेटवर शोधत बसले. इथल्याच केंट परगण्यातल्या एका बड्या घरमालकानं आपल्या एजंटला लेखी कळवलं होतं की गोऱ्या नसलेल्या लोकांना घरं देऊ नका, ते गेल्यावर मागे करीचा वास राहतो. २०१७ मध्ये मेडस्टोनच्या कोर्टानं ते बेकायदा ठरवलं. वाचून बरं वाटलं. मग आठवलं, की पुण्यात नर्सिंगच्या नोकरीला लागले तेव्हा खोली शोधताना किती ठिकाणी पहिला प्रश्न ‘नॉनव्हेज करत नाही ना?’ हाच होता. तिथे कागदसुद्धा लावत नाहीत, दारातूनच परत पाठवतात. त्यामुळे इंग्रजांना शिव्या घालण्याचा माझा उत्साह जरा ओसरला. जरा. बेकनचं मी विसरलेले नाही.

तर मूळ विषय. वॉर्डवरच्या एका मदतनीस बाईंना मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्या इथल्याच, माझ्या आईच्या वयाच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गाडीतून एक जडशीळ खोका आणून माझ्या हातात दिला. आत स्लो कुकर: आत चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण. लो, हाय, वॉर्म. मुलं घरातून गेल्यापासून तो कपाटात पडून होता म्हणे. पैसे विचारले तर त्यांनी असं पाहिलं की मी परत विचारलं नाही.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. ती म्हणाली, ‘शिट्टी कुठाय?’ शिट्टी नसते म्हटल्यावर तिचा त्या वस्तूतला रस संपला. डाळीला आठ तास लागतात हे ऐकून वहिनी म्हणाली, ‘आठ तास? ताई, आठ तासांत आमच्याकडे कार्य उरकतं.’

बोला. पण मी कराडची आहे, आणि सांगली-कराडच्या रस्त्यावर जन्म गेलेल्या माणसाला अख्खा मसूर म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही. धाब्यावरचा मसूर बोटांत धरला तर दाणा दिसतो आणि दाबला तर लोणी होतो. घरी कुकरला लावला की तीन शिट्ट्यांत कच्चा, चौथीत पिठलं. आमच्या घरी कायम पिठलं, आणि त्याला आम्ही वर्षानुवर्षं अख्खा मसूर म्हणत आलो. स्लो कुकरमध्ये मात्र तो खरंच अख्खा राहतो. उकळी खळखळून फुटत नाही, दाणे एकमेकांवर आपटत नाहीत, सालासकट हळूहळू मऊ होतात. आईला हे पटलेलं नाही, पण तिनं तो खाल्लेलाही नाही.

आणि तुमचा प्रेशर कुकर कधीपासूनचा? हॉकिन्स आणि प्रेस्टीज दोन्ही १९५९ चे. माझ्या आजीच्या लग्नात तो नव्हता. ती डाळ चुलीच्या वैलावर ठेवायची. पुढे भाकरी व्हायच्या, मागे वैलाच्या उरल्यासुरल्या आचेवर आमटी आपली आपण शिजायची. हा स्लो कुकर म्हणजे विजेचा वैल आहे, दुसरं काही नाही. त्यामुळे मी परदेशात जाऊन काहीतरी भलतं खाते असं कुणी म्हणू नये. उलट कुकरवाले तुम्ही नवे.

हे यंत्र निघालंसुद्धा कडधान्यासाठीच. अमेरिकेतल्या शिकागोमध्ये अर्व्हिंग नॅक्सन नावाचा एक ज्यू इंजिनिअर होता. त्याच्या आईनं त्याला लिथुआनियातल्या आपल्या गावाची गोष्ट सांगितली होती. ज्यू लोकांत शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत चूल पेटवायची नाही. मग घेवडा, बार्ली आणि मांस घातलेलं भांडं शुक्रवारीच गावच्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचे. भट्टी विझत जायची, तिच्या उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं. त्याला चोलंट म्हणतात. त्यावरून नॅक्सननं विजेचं भांडं बनवलं, १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे त्या भांड्याचं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’. १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. नोकरी करणाऱ्या बायकांनी ते डोक्यावर घेतलं. आपल्या रायगडातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, आठवले मला हे वाचताना. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. नियमातून माणूस वाट काढतोच. फरक इतकाच की त्यांचा नियम देवानं घातलेला, माझा एजन्सीनं.

आता कृती. इथल्या पाककृतींत लिहितात की सगळं कच्चंच भांड्यात टाका, झाकण लावा, कामाला जा. ऐकू नका. कच्चा कांदा आठ तासांनी शिजतो, पण त्याची चव उकडलेल्या कांद्याचीच राहते. स्लो कुकरमध्ये काही परतलं जात नाही, खरपूस होत नाही, कारण आतलं तापमान पाण्याच्या उकळीच्या वर जातच नाही. कांदा-लसूण मसाल्याला तेल आणि आच लागते. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी दुपारी, खिडकी उघडी टाकून, पंखा पूर्ण लावून, दार लावून (दार लावून!) चार-पाच कांदे, भरपूर लसूण, आलं आणि घरचा मसाला तेल सुटेपर्यंत परतते. कागदावर दुपारबद्दल काहीही लिहिलेलं नाही. गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला.

ड्यूटीच्या दिवशी सकाळी दीड वाटी मसूर धुऊन भांड्यात, मसाल्याचे चार खडे, हळद, मीठ आणि चार वाट्या उकळतं पाणी. पाणी कुकरपेक्षा जास्त घालू नका. इथे वाफ बाहेर जात नाही, जेवढं घालाल तेवढं संध्याकाळी तिथेच असतं. बटण लो वर. लो आणि हाय दोन्ही शेवटी जवळपास त्याच तापमानाला पोचतात, हाय लवकर पोचतं एवढंच. हायवर चार तास, लोवर आठ. माझे बारा होतात, तर आठ तासांनी आपोआप बंद करणारा टायमर प्लगला लावलाय, आणि आल्यावर परत गरम करते. मध्ये झाकण उघडून ढवळायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

टोमॅटो शेवटी. यावर मी अडून बसणार आहे, कारण स्विंडनचं पाणी. इकडची जमीन चुनखडीची, त्यामुळे पाणी जड. किटलीत दर महिन्याला पांढरी पापडी धरते, अंगाला साबण नीट लागत नाही, आणि डाळ शिजत नाही. पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. त्यात टोमॅटोचा किंवा आमसुलाचा आंबटपणा पडला की दाणा हट्टालाच पेटतो. मँचेस्टरला माझी मैत्रीण आहे, तिकडे लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांतलं मऊ पाणी येतं. ती टोमॅटो आधी घालते आणि मला फुशारक्या सांगते. आपण इथे उकळलेलं पाणी वापरायचं, म्हणजे थोडा चुना किटलीतच राहतो, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा. टोमॅटो वेगळा मऊ करून ठेवायचा, रात्री मिसळायचा. वर कोथिंबीर. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं हजारोंनी आहेत, त्यामुळे कोथिंबीर जुडीने मिळते, सुपरमार्केटमधल्या चार काड्यांचं पाकीट घ्यायची वेळ येत नाही.

पैशांचं सांगते, कारण दादानं ते काढलंच. दादा महावितरणमध्ये वायरमन. तो म्हणाला, ‘दोनशे वॅट, आठ तास, दीड युनिट जळालं. कुकर पंधरा मिनिटांत करतो.’ हिशोब बरोबर आहे. २०२५ मध्ये इथे युनिटला साधारण २६ पेन्स पडत होते, म्हणजे एका मसुराला चाळीसेक पेन्सची वीज. २०२२ च्या हिवाळ्यात युनिट ३४ पेन्सवर गेलं होतं, तेव्हा लोकांनी ओव्हन बंद करून स्लो कुकर घेतले. ओव्हनशी तुलना केली तर तो स्वस्तच आहे. गॅसवरच्या कुकरशी केली तर नाही. पण दादा, कुकरसमोर उभं राहायला रात्री साडेनऊला कोण आहे? माझा पैसा विजेत वाचत नाही. तो वाचतो बसस्टॉपशेजारच्या टेकअवेत न शिरण्यात, आणि दुपारच्या मील डीलमध्ये. थंडगार सँडविच, चिप्स आणि एक पेय यांचे साडेतीन-चार पौंड होतात. तेवढ्यात साधारण दोन किलो मसूर येतो. दीड वाटी मसुरात माझी चार जेवणं होतात, भात धरून.

हा मसूर बहुतेक कॅनडाचा असतो. वहिनीनं त्यावरही नाक मुरडलं. तिला सांगितलं, भारतही कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून मसूर आणतो, आणि तूर मोझांबिकमधून आणायचा सरकारी करार २०१६ चाच आहे. तुमच्या ताटात गावचं किती आणि माझ्या ताटात परदेशी किती, हे एकदा बसून मोजू. भाकरीचं मात्र मी बोलत नाही. इथे ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते किती जुनं असतं ते थापताना कळतं. तिथे ती जिंकली.

एक गोष्ट गंभीर. हे सगळं मसुराला चालतं, राजम्याला नाही. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते खळखळत्या उकळीतच मरतं. स्लो कुकर तिथपर्यंत पोचायला तासन् तास लावतो, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. चार दाण्यांनीही तासा-दोन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. वरच्या खोलीतल्या विद्यार्थ्यानं, दाराच्या त्याच विद्यार्थ्यानं, माझं बघून आपला स्लो कुकर घेतला आणि पहिल्याच दिवशी कोरडा राजमा थेट आत टाकला. नशीब मी त्या दिवशी घरी होते. बटण बंद करून त्याला समोर उभं केलं आणि सांगितलं: रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळायचा, आणि मगच या भांड्यात. आता तो तसं करतो. त्यात लसूण मात्र घालत नाही, वर चीज किसतो, आणि मला चव बघायला बोलावतो.