दंतिदुर्ग नक्की कुठला?

राष्ट्रकूटांचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला: त्यांची सत्ता उभी करणारा दंतिदुर्ग लातूरचा, म्हणजे आपलाच, मराठीच ना? कर्नाटकातले मित्र तोच प्रश्न उलट्या अंगाने विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

लातूरचा सगळा आधार 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, या अर्थाच्या बिरुदावर आहे. ते भेटतं पुढचा राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, सन 866च्या सिरूरच्या शिलालेखात. म्हणजे दंतिदुर्ग जाऊन शंभर वर्षं उलटल्यावर. बरं, असली बिरुदं पूर्वजांचं गाव मिरवण्यासाठी असत. शिलाहार स्वतःला तगरपुराचे, म्हणजे आपल्या तेरचे स्वामी म्हणवत आणि राज्य करत कोकणात नाहीतर कोल्हापुरात. तेव्हा घराण्याचं मूळ लातूरकडचं, हे मलाही पटतं. त्यावरून दंतिदुर्गाला मराठी ठरवणं मात्र पटत नाही. सिरूर कर्नाटकात नि लातूर महाराष्ट्रात, ही वाटणी आत्ताची आहे, लातूर तर 1956पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. पुढच्या ताम्रपटांत हे घराणं यदुवंशातलं म्हटलंय, त्याचं तर सोडूनच द्या. गादी पक्की झाली की वंशावळ चंद्रापर्यंत नेणारे कवी दरबारात मिळतातच.

मला त्याच्या हयातीतले दोन ताम्रपट शेजारी ठेवून वाचायला आवडतात. वेरूळच्या पटात, शके 663 (सन 741-42) मध्ये, तो 'महासामंताधिपति' आहे. सरळ सांगायचं तर बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक. गडहिंग्लजजवळच्या सामानगडाच्या पटात, शके 675च्या (सन 753-54) रथसप्तमीला, तोच 'महाराजाधिराज परमेश्वर' झालेला. कांची, चोळ, पांड्य आणि खुद्द हर्षाला हरवणारं कर्नाटकाचं सैन्य त्याने मूठभर सेवकांनिशी मोडलं, अशी फुशारकी तिथे आहे. आई चालुक्यांची लेक, हेही आहे. तिचं लग्न कसं झालं, ते कळायला मात्र 871च्या संजाण ताम्रपटापर्यंत थांबावं लागतं: दंतिदुर्गाचा बाप इंद्रराज याने तिला खेटकाच्या लग्नमंडपातून राक्षसविधीने उचलून नेलं म्हणे. चार पिढ्यांनी सांगितलेली ही गोष्ट मी बेताबेतानेच घेतो.

सामानगडाचा पटही निखळ नाही. त्यातलं अक्षरांचं वळण पाहून तो नंतरची नक्कल असावा, अशी शंका जाणकारांनी घेतलेली आहे. वेरूळच्या दशावतार लेण्यातला लेख वंश दंतिवर्म्यापर्यंत मागे नेतो, सामानगडचा पट गोविंदापासून सुरू करतो. पण दशावतारातल्या लेखावर सालच नाही.

आणि हरलेल्याची बाजूही आहे. शाळेच्या पुस्तकात चालुक्य 753 मध्ये संपतात. 757चा वक्कलेरी ताम्रपट उघडला, तर चालुक्यांचा शेवटचा राजा कीर्तिवर्मा भीमेच्या काठी छावणी टाकून, सगळी बिरुदं लावून, आरामात गाव दान देताना दिसतो. त्याचा निकाल पुढे दंतिदुर्गाच्या काकाने, कृष्णाने लावला.