काच तीच राहते, बदलतात ते दोन टोकांचे डबे

सोसायटीत फायबर आलं की लोकांना वाटतं चला झालं एकदाचं, आणि दोन वर्षांनी कुणीतरी १० गिगची (सेकंदाला १० गिगाबिट स्पीडची) बातमी वाचतो आणि विचारतो की आता परत सगळं खोदणार का? तर नाही. काच, म्हणजे फायबरची काचेची तार, तीच राहते, एक्स्चेंजमधलं ओएलटी (कंपनीच्या टोकाचा डबा) आणि घरातलं ओएनटी (आपल्या टोकाचा डबा) बदललं की झालं, आणि मला या टेक्नॉलॉजीतली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

आपल्याकडे बहुतेक घरांत आहे ते जीपॉन, म्हणजे एकच फायबर बऱ्याच घरांत वाटून द्यायची पद्धत, त्याचं स्टँडर्ड २००३ चं. खाली (डाउनलोड) साधारण २.५ जीबीपीएस, वर (अपलोड) १.२५, आणि हे एका घराला नाही बरं का, स्प्लिटरवर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीवर, असलेल्या सगळ्या घरांत मिळून. ३२ घरं धरली आणि सगळ्यांनी एकाच वेळी ओढलं तर एकेकाला ७८ एमबीपीएसच्या आसपास. एरवी सगळे एकाच वेळी ओढत नाहीत म्हणून चालून जातं.

डाउनलोडचं सोपं असतं, ओएलटी सगळ्यांना सगळंच पाठवतं आणि ज्याचं त्याचं ओएनटी आपलं तेवढं उचलतं, बाकीच्यांचं वाचता येऊ नये म्हणून ते एन्क्रिप्ट केलेलं असतं. खरी कमाल अपलोडची आहे. ३२ घरांचे लेझर एकाच काचेत बोलणार, दोन एकदम बोलले तर कुणाचंच कळणार नाही, म्हणून ओएलटी प्रत्येकाला वेळ वाटून देतं, आणि ज्याचं घर लांब त्याचा प्रकाश उशिरा पोचणार हे आधी मोजून तेवढा फरक त्यात धरलेला असतो. हे सगळं सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यांत चालू असतं. एखादं ओएनटी बिघडून सतत लाइट मारत बसलं की त्या स्प्लिटरवरची सगळी घरं लटकतात, आणि कुणाचं घर ते शोधताना लाइनमनचा अख्खा दिवस जातो.

पुढची पिढी म्हणजे एक्सजीएस-पॉन, २०१६ चं स्टँडर्ड, दोन्हीकडे १० जीबीपीएस. हे १५७७ आणि १२७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालतं, जीपॉन १४९० आणि १३१० वर, रंग वेगळे असल्यामुळे दोन्ही एकाच काचेतून एकमेकांना धक्का न लावता जातात. म्हणजे शेजारी जुन्यावर, तुम्ही नव्यावर, काही बिघडत नाही. ५० गिगचं स्टँडर्डपण २०२१ मध्ये आलंय. अमेरिकेत चॅटनूगा शहराच्या मालकीच्या ईपीबी या वीज कंपनीने २०२२ मध्येच २५ गिगचा प्लॅन काढला, नगरपालिकेची वीज कंपनी हे करू शकते याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि अपलोड आता खरंच लागतं हो. घरून काम, सीसीटीव्ही, फोटोंचा बॅकअप, मुलांचे क्लास, सगळं वर जातं आणि जाहिरातीत मात्र फक्त डाउनलोडचाच आकडा मोठा.

पण नवा डबा लावला आणि वायर कशीही ओढलेली असेल तर उपयोग शून्य. प्रकाश किती गळला ते डीबीत (डेसिबलमध्ये) मोजतात, ३ डीबी गेले म्हणजे अर्धा प्रकाश गेला. ३२ घरांत वाटणारा १:३२ चा स्प्लिटरच साधारण १७ डीबी खातो, जीपॉनचं नेहमीचं बजेट, म्हणजे एकूण किती प्रकाश गळला तरी चालतो ते, २८ डीबी, उरलेल्यात अंतर, जॉइंट, कनेक्टर सगळं बसवायचं. खिडकीच्या फटीत दाबलेली फायबर, झाडाला गुंडाळलेलं वेटोळं, काटकोनात ठोकलेली क्लिप, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा प्रकाश गळतो. नव्या बिल्डिंगमध्ये फायबरसाठी वेगळा डक्ट मागून घ्या, बिल्डर आपणहून देत नाही आणि नंतर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.

तुमच्या राउटरच्या पेजवर आरएक्स पॉवर, म्हणजे घरापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर बघून ठेवा. आकडा उणे २० च्या आसपास असेल तर छान, उणे २७ च्या जवळ गेला असेल तर प्लॅन वाढवायच्या आधी कनेक्टर साफ करून आणि जॉइंट परत मारून घ्या.